वन्यजीव संवर्धन संस्थेचे हिशेब आणि कामाचे फलित कसे तपासावे?

पाणवठा:

सर्वांना नमस्कार. आमचा स्नेह्यांचा एक छोटा गट दरवर्षी वर्गणी काढून एखाद्या सामाजिक कामाला देणगी देतो. या वेळी ती वन्यजीव संवर्धनासाठी द्यावी, आणि एकाच संस्थेला सलग तीन वर्षे द्यावी, असे ठरले आहे. संस्थेचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब वाचून गटापुढे मत मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. एका संस्थेची मागील काही वर्षांची कागदपत्रे मी बारकाईने वाचली, परंतु त्यातून शंका कमी होण्याऐवजी वाढल्या. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्या एका संस्थेविषयी मत नको असून कोणत्याही संस्थेला लावता येईल अशी तपासण्याची रीत समजून घ्यायची आहे.

पहिली शंका पैशांची आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे की शंभर रुपयांतील जवळजवळ नव्वद रुपये थेट संवर्धनाच्या कामावर खर्च होतात. हिशेबाची पाने उलटल्यावर मात्र असे दिसते की त्या कामात ‘जनजागृती व शिक्षण’ हा एक मोठा विभाग आहे, आणि हिशेबाखालच्या टिपेत बारीक अक्षरांत म्हटले आहे की देणगीदारांना पाठवलेल्या पत्रांच्या खर्चाचा काही भाग या विभागात धरला आहे. शिवाय बँकेतील ठेवी जवळजवळ वर्षभराच्या खर्चाइतक्या आहेत. इतकी शिल्लक असलेल्या संस्थेला आमच्या लहानशा देणगीची गरज आहे का, असा प्रश्न गटातील काहींनी विचारला आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

दुसरी शंका फलिताची आहे. अहवालात शिकाऱ्यांनी लावलेले किती फासे काढले, किती गावांत बैठका झाल्या, किती विद्यार्थ्यांपर्यंत पोचलो, किती हेक्टर क्षेत्रावर काम आहे, याचे आकडे भरपूर आहेत. एका प्रजातीची संख्या वाढल्याचा उल्लेखही आहे, पण ती कशी मोजली हे कुठेही लिहिलेले नाही. त्याच जंगलात वनविभाग आणि आणखी दोन संस्था काम करतात, तेव्हा वाढ झालीच असेल तर तिचे श्रेय कोणाचे, हेही कळत नाही.

आमच्यातील काहींचे म्हणणे असे की खर्चाचे प्रमाण चांगले आहे, तेवढे पुरे. इतरांना वाटते की निसर्गाच्या कामाचे मोजमाप होऊच शकत नाही, विश्वासाने पैसे द्यावेत. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जमाखर्च:

सेवाभावी संस्थांच्या लेखापरीक्षणाशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून तुमच्या पहिल्या शंकेपुरते लिहितो. प्राणिगणनेविषयी त्या क्षेत्रातील कोणी लिहिले तर बरे होईल.

शंभरातले नव्वद हा आकडा खोटा असतो असे नाही, पण तो संस्थेने स्वतः केलेल्या विभागणीवर उभा असतो. खर्चाचे साधारणपणे तीन गट पाडले जातात: प्रत्यक्ष कार्यक्रम, प्रशासन आणि निधीसंकलन. पगार, भाडे, छपाई, टपाल यांपैकी कोणता खर्च कोणत्या गटात किती टाकायचा हे व्यवस्थापन ठरवते, आणि ती पद्धत वाजवी आहे का, दरवर्षी तीच पाळली जाते का, एवढे लेखापरीक्षक पाहतो. देणगीचे आवाहन करणाऱ्या पत्रात एका बाजूला प्राण्याची माहिती आणि वाचकाने काय करावे याच्या चार ओळी छापल्या, की त्या पत्राचा काही खर्च जनजागृतीत धरता येतो. अमेरिकेच्या लेखानियमांतही काही अटी पाळून असे संयुक्त खर्च वाटून घेण्याची मुभा आहे. त्यामुळे यात बेकायदेशीर काही नाही, परंतु देणगीदाराने तो भाग बाजूला काढून प्रमाण स्वतः पुन्हा मांडून पाहावे.

समजा, एकूण खर्च १०० आहे, त्यात कार्यक्रम ८८ आणि प्रशासन व निधीसंकलन मिळून १२ आहेत. कार्यक्रमाच्या ८८ मध्ये जनजागृतीचे ३० आहेत आणि टिपेनुसार त्या ३० पैकी २० टपाल मोहिमेचे आहेत. ते २० निधीसंकलनाकडे वळवले की कार्यक्रमाचे ६८ उरतात, प्रशासन व निधीसंकलनाचे ३२ होतात, आणि जंगलातल्या प्रत्यक्ष कामाचे ५८ असतात. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. ५८ म्हणजे संस्था वाईट, असा निष्कर्षही त्यातून काढू नये. पहिल्या पानावर ८८ छापणारी संस्था हा फरक विचारल्यावर सरळ समजावून सांगते का, हे मला त्या आकड्याहून महत्त्वाचे वाटते.

असेच दोन मुद्दे अनेकांच्या नजरेतून सुटतात. वाहिन्यांनी किंवा वृत्तपत्रांनी फुकट दिलेल्या जाहिरातीच्या जागेची किंमत ठरवून ती एकीकडे उत्पन्नात आणि दुसरीकडे कार्यक्रमाच्या खर्चात दाखवली जाते. प्रत्यक्षात रोख रक्कम कुठेही हललेली नसते, पण प्रमाण सुधारते. तसेच एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला अनुदान दिले की पहिलीच्या वहीत तो कार्यक्रमाचा खर्च होतो. त्या पैशांचे पुढे काय झाले हे पाहायचे असेल तर दुसऱ्या संस्थेचे हिशेब उघडावे लागतात. जागतिक पातळीवरच्या मोठ्या संवर्धन संस्थांच्या बाबतीत हा टप्पा टाळून चालत नाही, कारण त्यांचा बराच पैसा देशोदेशींच्या स्थानिक संस्थांकडे जातो.

प्रशासनाचा खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, ही समजूत मात्र सोडून द्यावी. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतील तीन मूल्यमापन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना उघड पत्र लिहून हेच सांगितले होते, आणि देणगीदार हे प्रमाण ज्यांच्याकडून पाहत, त्यांनीच ते सांगितले होते. रानात फिरणाऱ्या कर्मचाऱ्याचा विमा, गाडीची देखभाल, हिशेब ठेवणारा पूर्णवेळ माणूस, गणनेची माहिती सुरक्षित साठवण्याची व्यवस्था हे सगळे बऱ्याचदा प्रशासनातच पडते. त्यावर कात्री लावणाऱ्या संस्थेचे आकडे सुंदर दिसतात आणि तिचे काम मात्र दोन-तीन वर्षांत ढासळते. काही ठिकाणी कायदाच मर्यादा घालतो. भारतात २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. अशा नियमाखालच्या संस्थेचे प्रमाण तसल्या नियमाशिवाय चालणाऱ्या संस्थेशी ताडून पाहणे योग्य नाही.

आता ठेवींविषयी. ताळेबंदात त्या एका ओळीत दिसत असल्या तरी त्यांचे प्रकार वेगवेगळे असतात. काही पैसा देणगीदाराने ठरावीक कामासाठीच दिलेला असतो, काही कायमस्वरूपी निधीत असतो आणि फक्त त्याचे व्याज वापरता येते, तर काही रक्कम वर्ष संपता संपता पुढच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आलेली असते. हे सगळे वजा करून जो मुक्त निधी उरतो, त्याला महिन्याच्या सरासरी खर्चाने भागावे. तीन ते सहा महिन्यांचा खर्च भागेल इतका निधी सर्वसाधारणपणे शहाणपणाचा मानला जातो. गस्तीवरच्या माणसांचे पगार थकले तर त्याच महिन्यात शिकारी परत येतात, म्हणून संवर्धन संस्थेने वर्षभराची तजवीज ठेवली तरी मला ती जास्त वाटणार नाही. दोन-तीन वर्षांचा मुक्त निधी असेल आणि तो का ठेवला याचे लेखी धोरण नसेल, तर जरूर विचारावे.

कागदपत्रांपैकी अमेरिकेतील संस्थांचा ‘फॉर्म ९९०’ सर्वांना पाहता येतो. त्याच्या नवव्या भागात प्रत्येक खर्च या तीन गटांत कसा विभागला ते स्तंभांत दिलेले असते, तर ‘शेड्यूल एफ’मध्ये परदेशातील काम आणि अनुदाने असतात. इंग्लंड व वेल्समधील संस्थांचे हिशेब तिथल्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत सापडतात. कोणत्याही देशातील संस्था असो, पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत, विश्वस्तांशी किंवा त्यांच्या नातेवाइकांशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचावी, आणि लेखापरीक्षकाने अहवालात काही अपवाद नोंदवला आहे का ते पाहावे. एकाच वर्षाच्या आकड्यांवरून मत बनवू नये.

रानवाट:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. हिशेब चोख असूनही प्राण्यांना काडीचाही उपयोग न झालेले प्रकल्प असू शकतात, म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेवर थोडे विस्ताराने लिहिते. सस्तन प्राण्यांच्या गणनेच्या कामात मी आहे.

तुमच्या यादीतील फास्यांचेच उदाहरण घेऊ. एका वर्षी जास्त फासे काढले, याचा अर्थ काय होतो? गस्त वाढली असेल, शिकार वाढली असेल, किंवा गस्तीचे पथक आधी न फिरलेल्या ओढ्याकाठाने गेले असेल. तारेचा फासा पाचोळ्याखाली, जनावरांच्या पायवाटेवर, गुडघ्याच्या उंचीला किंवा त्याहूनही खाली लावलेला असतो आणि दोन हातांच्या अंतरावरून चालणाऱ्या माणसालाही तो दिसत नाही. मुद्दाम फासे पेरून घेतलेल्या प्रयोगांत शोधपथकांना त्यांतला बराच मोठा भाग सापडला नव्हता. म्हणून एकूण संख्येला अर्थ नाही. किती किलोमीटर गस्तीमागे किती फासे मिळाले आणि त्याच पट्ट्यात, त्याच ऋतूत, तितक्याच मेहनतीने पुढच्या वर्षी किती मिळाले, ही तुलना उपयोगी पडते. ‘स्मार्ट’ नावाची संगणकप्रणाली अनेक देशांतील संरक्षित क्षेत्रांत वापरली जाते, तिच्यात गस्तीचा मार्ग आणि प्रत्येक नोंद जागेसह साठवता येते. संस्था ती किंवा तशी एखादी प्रणाली वापरत असेल तर हे प्रमाण काढणे तिला कठीण नाही. अहवालात ते नसेल तर मागून घ्या.

प्रजातीची संख्या वाढल्याचा दावा असेल, तर मोजण्याची पद्धत हा पहिला प्रश्न असावा. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्प आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सरकारी नोंदींत तिथे वाघ दाखवले जात होते, आणि २००४-०५ च्या सुमारास उघड झाले की एकही वाघ उरलेला नाही. पावलांच्या ठशांवरून वाघ ओळखण्याच्या पद्धतीवर त्यानंतर देशपातळीवर पुनर्विचार झाला आणि २००६ पासूनच्या राष्ट्रीय गणनेत कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) व सांख्यिकी पद्धती आल्या. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. पूर्वी वीस कॅमेरे होते आणि आता साठ आहेत, तर छायाचित्रे वाढणारच. अंगावरच्या पट्ट्यांवरून किंवा ठिपक्यांवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखून, न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज जमेस धरून घनता काढली आहे का, आणि त्या अंदाजाची खालची व वरची मर्यादा दिली आहे का, हे पाहा. मर्यादा न देता एकच ठाम आकडा देणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: संस्था नसती तर काय झाले असते? जगभरातील संरक्षित क्षेत्रे उंच, चढउताराच्या आणि दूरच्या जागी जास्त प्रमाणात आहेत, असे २००९ च्या एका जागतिक अभ्यासात दिसले. अशा जागी शेती किंवा रस्ता मुळातच झाला नसता, त्यामुळे तिथले जंगल टिकले याचे सगळे श्रेय संरक्षणाला देता येत नाही. तुमच्या संस्थेने काम नसलेल्या, पण बाकी बाबतीत सारख्या एखाद्या क्षेत्राशी तुलना केली असेल, किंवा काम सुरू होण्याआधीची मोजणी तिच्याकडे असेल, तर ती संस्था या क्षेत्रात पुढच्या रांगेत आहे असे समजा.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. संख्या घटली म्हणजे संस्था अपयशी, हेही खरे नाही. सायगा या कुरंगाचे कझाकस्तानात २०१५ मध्ये जिवाणूच्या संसर्गामुळे काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक मृत्यू झाले. शिकार रोखणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांनी काम चालू ठेवले, आणि २०२३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीत, सायगाला ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून थेट ‘संकटासन्न’ या बऱ्याच सौम्य वर्गात हलवण्यात आले. २०१६ चा अहवाल वाचून एखाद्या देणगीदाराने हात आखडता घेतला असता तर ते किती चुकीचे ठरले असते! मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखातातील वाकिटा या छोट्या सागरी सस्तन प्राण्याची संख्या तर मासेमारीच्या जाळ्यांमुळे घटत घटत दहा-बारांच्या घरात आली, पण तिथे जाळी काढणाऱ्यांचे प्रयत्न नसते तर कदाचित तेवढेही उरले नसते. घट मंदावणे हेही फलित असते. संवर्धनाच्या १८६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत परिस्थिती सुधारली किंवा घसरण मंदावली असे त्यात आढळले. मोजमाप होऊच शकत नाही, या तुमच्या मित्रांच्या मताला हे पुरेसे उत्तर आहे.

श्रेयाच्या बाबतीत आयबेरियन लिंक्सचे उदाहरण मला फार आवडते. स्पेन व पोर्तुगालमधील या रानमांजराचे प्रौढ प्राणी २००१ मध्ये ६२ होते, ते २०२२ मध्ये ६४८ झाले आणि २०२४ मध्ये लाल यादीतील त्याचा वर्ग सुधारला. हे यश सरकारे, युरोपीय संघाचा निधी, संशोधक, स्वयंसेवी संस्था, जमीनमालक आणि शिकारी संघटना अशा सगळ्यांच्या वाट्याला येते. ‘आम्ही वाचवले’ असे म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा ‘या प्रयत्नात आमचा वाटा अमुक होता, लिंक्सचे भक्ष्य असलेल्या सशांची संख्या वाढवण्याचे काम आमच्याकडे होते’ असे नेमके सांगणारी संस्था मी निवडेन.

पाणवठा:

दोन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे टिपेतील रक्कम वळवून प्रमाण पुन्हा मांडले. ते पहिल्या पानावरील आकड्यापेक्षा बरेच खाली आले, तरी कामाचा मोठा हिस्सा जंगलातच खर्च होतो असे दिसते. ठेवींपैकी निम्म्याहून अधिक रक्कम विशिष्ट प्रकल्पांसाठी बांधलेली निघाली, त्यामुळे त्या शंकेचे निरसन झाले. आता एकच अडचण आहे. तुलनाक्षेत्र, आधीची मोजणी, अंदाजाच्या मर्यादा हे सगळे आमच्यासारख्या लहान देणगीदाराने मागणे उचित ठरेल का? आणि लहान संस्थांना ते परवडेल का?

ओढाकाठ:

याच प्रश्नासाठी लिहीत आहे, आणि रानवाट यांच्याशी थोडी असहमती नोंदवत आहे.

चार-सहा माणसांच्या संस्थेकडून तुलनाक्षेत्रासह मूल्यमापन मागितले, तर तिचा निम्मा पैसा मोजण्यातच जाईल. अशा संस्थेला वेगळा प्रश्न विचारावा: तुम्ही वापरता तो उपाय इतरत्र सिद्ध झालेला आहे का? केंब्रिज विद्यापीठातून २००४ पासून ‘कन्झर्व्हेशन एव्हिडन्स’ हा उपक्रम चालतो. कोणत्या उपायाचा कोणत्या प्राण्यावर काय परिणाम झाला, याचे प्रसिद्ध झालेले अभ्यास तिथे सोप्या भाषेत एकत्र केलेले आहेत आणि ते कोणालाही पाहता येतात. सिद्ध उपाय नीट अमलात आणणाऱ्या लहान संस्थेने तो नीट अमलात आणल्याचा पुरावा दिला तरी मला पुरे आहे. उपाय नवा असेल किंवा संस्था मोठी असेल, तर मात्र रानवाट यांच्या सर्व अपेक्षा रास्त आहेत, आणि मोठ्या संस्थांनी त्या पुऱ्या न करण्याला कोणतेही कारण चालू नये.

एक मुद्दा अजून आलेला नाही आणि मला तो पैशांइतकाच महत्त्वाचा वाटतो. संवर्धनाच्या हिशेबात जंगलाकाठी राहणारी माणसे कुठे आहेत? वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेच्या पाठबळावर चालणाऱ्या काही क्षेत्रांत वनरक्षकांनी स्थानिकांवर अत्याचार केल्याचे आरोप २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी अत्याचारांत भाग घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, पण मानवी हक्कांविषयीची स्वतःची बांधिलकी संस्थेने सर्वत्र सारखी पाळली नव्हती, असे समितीने नोंदवले. खर्चाच्या कोणत्याही कोष्टकात हे दिसले नसते. म्हणून तक्रार नोंदवण्याची व्यवस्था गावकऱ्यांच्या भाषेत आहे का, मागील वर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे विचारावे. ज्या संस्थेकडे वर्षानुवर्षे एकही तक्रार येत नाही, तिच्याकडे तक्रार करण्याची वाटच नसण्याची शक्यता अधिक असते. पिकाचे किंवा गुरांचे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई किती दिवसांत मिळते, हाही संवर्धनाच्या फलिताचाच भाग आहे, कारण त्यावर तो माणूस पुढच्या वेळी विष घालतो की वनविभागाला कळवतो हे ठरते.

रानवाट:

ओढाकाठ यांचा मुद्दा मला मान्य आहे. लहान संस्थेकडून निदान कामापूर्वीची साधी मोजणी आणि ती कशी केली याची दोन पाने मिळावीत, एवढीच माझी अपेक्षा राहील. आययूसीएनने २०२१ मध्ये प्रजातींसाठी ‘ग्रीन स्टेटस’ नावाची मूल्यमापन पद्धत आणली. पूर्वीचे संवर्धन झालेच नसते तर आज ती प्रजाती कोणत्या अवस्थेत असती, याचाही विचार त्यात होतो. तुमच्या संस्थेच्या प्रजातीचे असे मूल्यमापन झालेले असेल तर ते वाचा. ‘संस्था नसती तर’ या प्रश्नाचे काम बरेचसे आयते झालेले मिळेल.

जमाखर्च:

लहान देणगीदाराने मागणे उचित आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘हो’ असे आहे. फक्त मागताना संस्थेला नवा अहवाल लिहायला लावू नका. तिच्याकडे आधीपासून असलेले कागद मागा: मुक्त निधीविषयीचे धोरण, संयुक्त खर्चाच्या विभागणीचा आधार, गस्तीची किलोमीटरवार नोंद, गणनेच्या पद्धतीचे टिपण आणि तक्रारींची नोंदवही, तीही नावे झाकून. पत्रात लिहा की यातील काही नसेल तर ‘नाही’ असे कळवले तरी चालेल, आणि त्या उत्तराचा मान राखा.

तीन वर्षांचा शब्द आत्ताच द्या, पण दरवर्षीचा हप्ता लेखापरीक्षित हिशेब हाती आल्यानंतर पाठवा. तुमची देणगी शक्य तर कोणत्याही प्रकल्पाला न बांधता द्या. बांधील पैसा देणारे पुष्कळ मिळतात, पण हिशेबनिसाचा पगार आणि बंद पडलेला कॅमेरा दुरुस्त करण्याचा खर्च भागवणारा मुक्त पैसा लहान संस्थांना फार क्वचित मिळतो. तुमचे पत्र तयार झाले की मसुदा येथे द्यावा. हिशेबाच्या बाजूने मी तो तपासून देईन.